शेरा: जसा मिळाला तसा

तळोज्याच्या फाटकाजवळ टमटम अशी काही उसळली की समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवरची पिशवी उलटली. ओंजळभर कोळसा सफूराच्या पांढऱ्या ओढणीवर सांडला आणि मागोमाग तळहाताएवढा एक दगड तिच्या चपलेवर येऊन पडला. ओढणी ईदची होती, जेमतेम दोनदा घातलेली. दुसरी कुणी असती तर तिने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. सफूरानेही तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण तिची नजर दगडावर गेली आणि शब्द तोंडातच राहिले.

दगड काळपट राखाडी होता. त्यावर एक पान होतं. बोटभर लांब, जिभेच्या आकाराचं, मधोमध एक जाड शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना विणल्यासारखी बारीक जाळी. पुस्तकात तिने हे पान शंभर वेळा पाहिलं होतं. हातात घेतलं नव्हतं कधी.

"माफ करा... फार लागलं का?" समोरचा म्हणाला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. शर्टाला कडक इस्त्री आणि उजव्या कानाच्या पाळीवर कोळशाचा डाग, ज्याचा त्याला पत्ताच नव्हता.

"हा दगड मला द्याल?"

"कशाला? मला मारायला?"

"ठेवायला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग ओढणीकडे. मग परत तिच्याकडे. "ओढणी माझ्यामुळे गेली, आणि भरपाईत तुम्ही दगड मागताय. सौदा माझ्या फायद्याचा आहे, पण आज नाही देता येणार. हा पुरावा आहे."

कोळसा पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या पनवेलच्या कचेरीत तो हा दगड आपटायला निघाला होता. तळोज्याच्या कारखान्यांना बॉयलरसाठी कोळसा पुरवणाऱ्या एका यार्डात तो कामाला होता. आलेल्या प्रत्येक ट्रकमधला माल तपासायचा, राख किती निघते ते बघायचं, हे त्याचं काम. नाव यासीन पेवेकर, राहणार उरण. कोळशाबरोबर दगड फार यायला लागला होता, म्हणून ही तक्रार.

"असले पानाचे दगड आणखी निघतात?" सफूराने विचारलं.

"पानाचे?" यासीनने दगड उचलून उन्हात तिरका धरला. दोन वर्षं रोज हाताळलेल्या दगडावरचं पान त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "अल्ला... हे खरंच पान आहे?"

तिने मान हलवली. आणि मग, कशासाठी कोण जाणे, तिने आपल्या कानाच्या पाळीला हात लावून दाखवला. त्याला वाटलं मुलगी काही खूण करते आहे, आणि तो चक्क लाजला. डाग तसाच घेऊन गेला बिचारा व्यापाऱ्याकडे.

*

आता सफूराची अडचण सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

ती पनवेलच्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय वनस्पतिशास्त्र, आणि त्यातही तिने धरलेला हट्ट असा की ज्या वनस्पती जगात उरल्याच नाहीत त्यांच्यावर प्रबंध लिहायचा. बीजधारी नेचे. दिसायला नेच्यांसारखे, पण नेच्यांना कधी बी येत नाही आणि यांना येत होतं. त्यांचे दगड मिळतात चंद्रपूरकडे, कोळशाच्या खाणींत. कॉलेजची आठ दिवसांची सहल तिकडे गेली आणि अब्बांनी सफूराला जाऊ दिलं नाही. अय्यूब पटेल चोवीस वर्षं कुवेतला राहून आलेले, आता पनवेलच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. एवढंच म्हणाले, "लखनौला ती सरकारी संस्था आहे म्हणतेस ना, तिचं पीएचडीचं पत्र हातात आण. मी स्वतः सोडायला येतो. पण हौसेपायी मुलगी गावोगाव फिरवणार नाही."

म्हणजे लखनौला जायचं तर पत्र पाहिजे. पत्र पाहिजे तर दगड पाहिजेत. आणि दगडांसाठी चंद्रपूरला जाता येत नाही. सफूरा दोन महिने घरात तोंड पाडून बसली होती. आणि आता चंद्रपूर ट्रकमध्ये बसून तळोज्याला येत होतं.

दुसऱ्याच बुधवारी ती यार्डाच्या दारात उभी राहिली. धुवूनही काळपट राहिलेली तीच ओढणी तिने मुद्दाम घेतली होती.

"भरपाई न्यायला आले," ती म्हणाली.

*

यार्डात दगड वेचायला शेजारच्या ओवे गावच्या बायका होत्या. त्यांची म्होरकी गुणाबाई. पन्नाशीची, डोक्याला घट्ट फडकं, हाताला वेग असा की कोळसा आणि दगड तिला न बघता कळायचे. वजनावरून.

"ह्या दगडांवर पानं हायेत ती आमाला ठावं हाय गो," गुणाबाई म्हणाली. "माज्या नातीला नेलंय मी एक. तुमी शिकलेल्या मानसांना आता दिसलं व्हय?"

यासीनने मात्र काम अगदी मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यात त्याने सहा ट्रकांमधले पानाचे दगड जमवले आणि मोठ्या अभिमानाने एक गोणी सफूरापुढे ठेवली. "आमच्या पद्धतीने काढलंय. सगळे दगड एकत्र केले, ढीग केला, सपाट केला, चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन फेकले. असं तीनदा केलं. आता ही गोणी म्हणजे सहाही ट्रकांचा अस्सल नमुना."

सफूरा मटकन खाली बसली. "फेकले?"

"नियमच आहे. चांगलं मिसळल्याशिवाय नमुना खरा होत नाही."

"आणि आमच्यात मिसळला की मेला," ती म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना. "कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला हे माहीत नसेल तर हा दगड नुसता दगड आहे, यासीनभाई."

"भाई नका म्हणू," तो पटकन म्हणाला. मग स्वतःच गडबडला. "म्हणजे... यार्डात सगळेच म्हणतात. कोण कोणाला म्हणतंय ते कळत नाही."

गुणाबाई पलीकडून खुसूखुसू हसली. सफूराने दगडांत डोकं घातलं, पण कान तापले होते तिचे.

त्या दिवशी तिने चिठ्ठीची रीत घालून दिली. प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि आत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच गोष्टी: काय, कुठलं, कधी, कोणाला मिळालं, शेरा. शेऱ्यात जे दिसेल ते, जसं मिळालं तसं. यासीनचं अक्षर मोत्यासारखं होतं. तो शेरेही भलते लिहायचा. 'शेरा – पान मोठे, दगड रागीट.' 'शेरा – एका कडेला कुरतडलेले. किडा उपाशी असावा.' सफूरा हे शेरे रात्री अंथरुणात आठवून हसायची आणि मग आपण का हसतोय म्हणून गप्प व्हायची.

बुधवारमागून बुधवार गेले. ती त्याला त्या जंगलाबद्दल सांगायची आणि तो ऐकायचा, असा की चहावर साय धरायची.

"किती जुनं म्हणालात?"

"सत्तावीस कोटी वर्षं. तेव्हा आपली जमीन इथे नव्हतीच. खाली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. हिवाळ्यात तिथे महिनोन् महिने अंधार. सूर्य उगवायचाच नाही. मग ही झाडं काय करायची... अंधार पडायच्या आधी सगळी पानं टाकून द्यायची. एकदम. दलदलीत पानांचा खच पडायचा. तोच हा." तिने दगडावरून बोट फिरवलं. एकावर एक तीन पानं पडली होती त्यावर. "आणि एकच जातीची झाडं नव्हती. बघा, ह्याला मधली शीर आहे, ह्याला नाहीच. ह्याची जाळी रुंद, ह्याची बारीक. पाण्यात उभी राहणारी वेगळी, कोरड्यावरची वेगळी. केवढं जंगल होतं, आणि त्यातलं एकही झाड आज नाही. कुठेच नाही."

यासीनने वर पाहिलं. समोरच्या कारखान्याची चिमणी धूर सोडत होती. "म्हणजे ते..."

"हो. ते तेच आहे."

"दोन वर्षं मी त्याची राख मोजतोय," तो हळूच म्हणाला. सफूराला तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्याला आवडतो. अगदी सरळ, लख्ख वाटलं. तिने ते कोणालाही सांगितलं नाही.

"आणि बी?" त्याने विचारलं. "बी असतं म्हणालात ना."

"तीच तर मेख आहे. पान गळून एकीकडे पडायचं, बी दुसरीकडे, मूळ चिखलात. शोधणाऱ्यांनी तिघांना तीन नावं दिली. कुठलं बी कुठल्या पानाचं, कोणाला सांगता येत नाही. पान आणि बी एकमेकांना धरून आहेत असा दगड मिळाला तरच." ती हसली. "असा दगड फार क्वचित मिळतो. लोकांचे जन्म जातात."

*

आणि फेब्रुवारीत तो मिळाला.

यासीनने काही न बोलता पुडकं तिच्या हातात दिलं. आत पान होतं, पूर्ण, देठासकट. आणि पानाच्या मधल्या शिरेवरून एक नाजूक दांडी निघाली होती, तिच्या टोकाला नखाएवढी चपटी चकती, बियांच्या खळग्यांनी भरलेली.

सफूरा रडली. यार्डात, गुणाबाई आणि चार हमालांसमोर, ओढणीत तोंड खुपसून रडली. त्या भरात चिठ्ठीवर शेऱ्याची ओळ कोरी आहे हे तिला दिसलं नाही.

तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक चारुदत्त प्रधान सर. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांनी भिंगातून तो दगड पाहिला आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले. "सफूरा, मी तीस वर्षं हा विषय शिकवतोय गं," ते म्हणाले. पुन्हा एकदा भिंग लावून पाहिलं. त्यांनी लखनौला शिफारसपत्र लिहायला घेतलं. फोटो जोडून वीस मार्चला टपालात टाकायचं ठरलं. घरी अब्बांनी बॅग कुठली घ्यायची याची चौकशी सुरू केली.

एक माणूस मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. सफूरा बुधवारी गेली की यासीन चहा आणायचा, दगड दाखवायचा, शेरे लिहायचा... पण नुसते. 'पान. अर्धे.' एवढंच. तिला वाटलं, आपण जाणार म्हणून. त्या दुःखात तिला थोडं सुखही होतं. खोटं कशाला सांगा.

अठरा मार्चला तिनेच विषय काढला. दुपारची वेळ, बायका जेवायला बसलेल्या, पत्र्याच्या शेडखाली दोघंच. "परवा पत्र जातंय. काही म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो." यासीन तिच्याकडे बघत नव्हता. "तो दगड मी जोडलाय."

तिला कळलंच नाही.

"दोन तुकडे एकाच ट्रकमध्ये होते. हातभर अंतरावर. गुणाबाईने पान वेचलं, मग बी वेचलं. कडा जुळताहेत असं वाटलं मला. वाटलं, खाणीत कुदळ लागून फुटला असेल. घरी बशी फुटली तर आपण जोडतोच ना... बाजारातून झटकन चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब आणली, तुमच्याच अब्बांच्या दुकानातून. सांधा वाईट दिसत होता, म्हणून वर कोळशाची पूड चोळली." तो थांबला. "मी तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही रडलात."

ती उभी राहिली. सगळ्यात आधी तिच्या तोंडून जे निघालं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"आज सांगताय? पत्र जायच्या दोन दिवस आधी? मी जाऊ नये म्हणून?"

यासीनचा चेहरा उतरला. पण त्याने मान खाली घातली नाही. "तुम्ही जाऊ नये असं वाटतं. रोज वाटतं. म्हणूनच सांगायला इतके दिवस लागले. सांगितलं तर तुम्ही इथेच राहाल... आणि तुम्हाला वाटेल, ह्यासाठीच सांगितलं. नाही सांगितलं तर तुम्ही जाल, पण माझ्या डिंकावर उभ्या राहून. कधी ना कधी कोणी तो दगड धुवेल, सफूरा. तेव्हा तुम्ही तिकडे एकट्या असाल."

ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

*

दोन दिवस सफूराने कोणाशी धड बोलणं केलं नाही. खोटं सांगायचं तर सोपं होतं. सर फसले होते, मग लखनौचे लोकही फसले असते. आणि कोणी म्हणावं की पान त्या बियांचं नव्हतंच? असेलही. एकाच ट्रकमधलं होतं ना? ती रात्रभर हे घोकायची आणि सकाळी नमाजाला उभी राहिली की मनात पहिला विचार डिंकाचाच यायचा.

वीस तारखेला ती प्रयोगशाळेत गेली आणि सरांना सगळं सांगितलं. यासीनचं नाव घेऊन सांगितलं. मग काचेच्या भांड्यात डिंक विरघळवणारं अ‍ॅसिटोन ओतलं आणि त्यात तो दगड ठेवला.

दोघं बघत बसले. कोळशाची पूड आधी सुटली, धुरासारखी वर आली. मग एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली, पानाच्या शिरेला आडवी. तासाभराने सरांनी चिमट्याने हलकेच ओढलं आणि दोन तुकडे वेगळे झाले.

सरांनी कडा भिंगाखाली धरल्या. एकदा, दोनदा. "जुळत नाहीत," ते म्हणाले. "जवळपास आहेत, पण नाही. दगडाचा दाणा वेगळा आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सफूराला वाटलं, आता ओरडतील. "मला दिसायला हवं होतं. पहिल्याच दिवशी. मला बघायचंच नव्हतं गं, म्हणून दिसलं नाही."

नवं पत्र गेलं ते साधं. मे महिन्यात लखनौचं उत्तर आलं, तेही साधं: यंदा जागा देता येत नाही, अधिक नमुन्यांसह पुढील वर्षी अर्ज करावा. अब्बांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि माळ्यावरून काढलेली बॅग पुन्हा माळ्यावर ठेवली. त्या बॅगचा आवाज ऐकून सफूरा मोरीत जाऊन रडली.

*

यार्डाकडे ती फिरकली नव्हती. आठ आठवडे झाले होते. फोन त्याने केला नाही, तिनेही केला नाही.

मग एक दिवस कॉलेजच्या फाटकात गुणाबाई उभी. डोक्यावर गोणी, पायात धूळ. वॉचमन तिला आत सोडेना आणि ती जाईना.

"घे गो बाय तुजे दगड," तिने गोणी सफूरापुढे धाडकन टाकली. "त्यो पोरगा दर बुधवारी लिवतंय आन् ठेवतंय. तू नाय आलीस तरी लिवतंय. बोलत नाय, हसत नाय. आमच्या नाकाशी असं कोमेजलेलं मानूस किती दिस ठेवायचं आमी?"

सफूराने तिथेच, फाटकाशी बसून, पुडकी सोडली. एकेक चिठ्ठी. तेच मोत्यासारखं अक्षर.

'शेरा – दोन तुकडे. दोन्ही वेगळे ठेवले आहेत.'

'शेरा – पानाची फक्त कड. बाकी मिळाले नाही.'

'शेरा – पान व बी एकाच ट्रकमध्ये. एकमेकांचे आहेत की नाही, सांगता येत नाही.'

'शेरा – जसा मिळाला तसा.'

'शेरा – जसा मिळाला तसा.'

'शेरा – जसा मिळाला तसा.'

चोपन्न दगड होते. एकाही चिठ्ठीत माफी नव्हती, गाऱ्हाणं नव्हतं. ती चोपन्नावी चिठ्ठी वाचेपर्यंत तिचा राग कुठल्या चिठ्ठीपाशी सुटला ते तिलाच समजलं नाही.

"तो खोटं बोलला मावशी," तरीही ती म्हणाली. सवयीने.

"आन् खरं कोन बोललं? मी? त्योच ना?" गुणाबाईने फडकं झटकलं. "खोटं समदेच बोलतात. खरं सांगून मार खानारा एखादाच. तुजं तू बग."

बुधवारी ती गेली. आभाळ दुपारपासूनच काळवंडलं होतं, आणि ती यार्डात पाऊल टाकते तोच वळवाची सर आली, टपोऱ्या थेंबांची. हमाल ताडपत्री ओढायला धावले. यासीन शेडखाली दगड हलवत होता. तिला पाहून त्याच्या हातातला दगड तसाच राहिला.

"आत घेऊ नका," ती म्हणाली. "बाहेर मांडा. सगळे."

"भिजतील."

"भिजू द्या ना. ओल्या दगडावर पान जास्त उमटतं. एवढंही नाही सांगितलं का मी तुम्हाला?"

मग दोघांनी मिळून ते दगड पावसात मांडले. रांगेने. थेंब पडले तसे काळ्या दगडांवर एकामागून एक पानं उघडत गेली... रुंद, अरुंद, अर्धी, कुरतडलेली. ओढणीचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं आणि यासीन दगडांकडे बघायचं सोडून त्या पाण्याकडे बघत होता.

"दगड बघा," ती म्हणाली.

"बघतोय."

"ते तुकडे जुळले नाहीत," तिने खालच्या आवाजात सांगितलं. "कडा वेगळ्या होत्या."

"मला वाटलंच होतं." त्याने कलंडलेला एक दगड सरळ केला. "मी तुमचं एक वर्ष बुडवलं, सफूरा."

"बुडवलंत," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला जे बोलले ना त्या दिवशी... मी जाऊ नये म्हणून सांगताय, असं... ते मी परत घेते. तेवढं परत घेते. वर्षाचं तुमच्या नावावर राहू द्या."

तो हसला. दोन महिन्यांनी हसला असेल. कानाच्या पाळीवर डाग होता, पावसाने अजून धुतला नव्हता, आणि ह्या वेळी सफूराने खूण केली नाही. ओढणीच्या टोकाने तो डाग पुसला आणि लगेच हात मागे घेतला. दोघंही मग फार वेळ दगडांकडेच बघत राहिले.

*

पुढचं एक वर्ष तिने सरांच्या प्रयोगशाळेत दगड मांडण्यात काढलं. एकूण तीनशे बारा झाले. अकरा तऱ्हांची पानं, चार तऱ्हांच्या बियांच्या चकत्या, किड्यांनी खाल्लेल्या कडा वेगळ्या. पान आणि बी एकत्र असलेला एकही नाही. हे तिने नव्या अर्जाबरोबरच्या नोंदींत सुरुवातीलाच लिहिलं, आणि जोडलेल्या त्या दगडाची हकीगतही लिहिली, जोडणाऱ्याचं नाव त्याला विचारून. दोन हजार दहाच्या जूनमध्ये लखनौचं पत्र आलं. चार वर्षांसाठी निवड झाली होती. पत्रात एक ओळ जास्तीची होती: आपल्या नोंदी विश्वसनीय आहेत.

अब्बांनी पत्र दोनदा वाचलं आणि माळ्यावरून बॅग काढली.

शेवटच्या बुधवारी ती यार्डात गेली तेव्हा यासीनने चहा मागवून ठेवला होता. अभिनंदन त्याने मनापासून केलं. डोळे मात्र कह्यात नव्हते त्याचे.

"चार वर्षं," तो म्हणाला.

"सत्तावीस कोटींपुढे काय आहेत चार?"

"त्या झाडांना विचारा. त्यांना काय, त्यांचं कोणी लखनौला जात नव्हतं."

ती हसली आणि तिने पर्समधून वर्तमानपत्राचं एक पुडकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. हातभर प्रेमाच्या गोष्टी सांगणारी मुलगी ती नव्हती. पुडकं हलकं होतं. यासीनने सोडलं तर आत दगड नव्हताच, नुसती ती ओढणी, दीड वर्षानंतरही कोळशाचा डाग असलेली, आणि तिच्या घडीत एक चिठ्ठी. अक्षर सफूराचं.

'काय – सफूरा अय्यूब पटेल.

कुठली – पनवेल.

कधी – टमटममध्ये, ईदनंतरच्या आठवड्यात.

कोणाला मिळाली –'

पुढची जागा कोरी होती.

'शेरा – जशी मिळाली तशी. काहीही जोडलेले नाही.'

यासीनने चिठ्ठी वाचली. परत वाचली. त्या कोऱ्या जागेवर त्याने बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"ते मला भरता येत नाही," सफूरा म्हणाली. नजर खाली नव्हती तिची. "ते अब्बा भरतील. रविवारी दुकान बंद असतं. तुमच्या अम्मीला घेऊन घरी या."

यासीनने चिठ्ठीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, वरच्या. मग खिशावर हात ठेवून तसाच बसला.

"त्यांनी विचारलं, काय करतोस, तर?" त्याने विचारलं.

"खरं सांगा."

"त्यांनी मला ओळखलं तर? डिंक घेतला होता त्यांच्याकडून. काय जोडायचंय म्हणून विचारलंही होतं त्यांनी."

"मग तेही सांगा," सफूरा म्हणाली, आणि ह्या वेळी तिने चहा पूर्ण प्यायला.